फिट्ससाठी मेंदूचं ऑपरेशन करायचं का? एकापेक्षा जास्त आजार असणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

डॉक्टरांनी "आता सर्जरीचा विचार करू या" असं म्हटलंय आणि तुम्हाला फिट्स सोडून अजूनही एकदोन मेंदूचेच त्रास आहेत, अशांसाठी हे लिहितेय. मला लहानपणापासून फिट्स, कॉलेजपासून मायग्रेन, आणि तपासण्या सुरू झाल्यावर तिसरं एक निघालं, फिटसारखेच दिसणारे पण फिट नसलेले झटके, त्याला फंक्शनल झटके म्हणतात. माझं उजव्या टेम्पोरल लोबचं, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाचं, ऑपरेशन झालंय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काही वाचून स्वतःच्या मनाने गोळी कमीजास्त करू नका, फिटची गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक फिट्स येऊन जीवावर बेतू शकतं.

नेटवर जे सापडतं ते बहुतेक फक्त फिट्स असणाऱ्यांसाठी असतं. आमच्यासारख्यांचा घोळ वेगळाच. ऑपरेशन तुमच्या एका त्रासाचं होणार असतं आणि बाकीचे त्रास आहे तिथेच राहणार असतात, पण घरात सगळ्यांनी (आणि मनातल्या मनात आपणही) धरून चाललेलं असतं की डोकं उघडलं की सगळंच नीट होणार. म्हणून पहिली पायरी हॉस्पिटलची नाही, घरच्या टेबलावरची आहे.

१. कुठला त्रास कशाचा, ते आधी वेगळं करा

एक वही घ्या. मोबाईलमधलं ॲप पण चालेल, पण डॉक्टर वही पटकन चाळतात, ॲप कोणी उघडून बघत नाही. वहीत प्रत्येक वेळी जे झालं ते लिहा, नाव न देता. म्हणजे "फिट आली" असं नको, "पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं, मग पुढचं आठवत नाही, नवरा म्हणतो मी ओठ चाटत होते आणि ओढणीशी चाळा करत होते, दीड मिनिट, नंतर दहा मिनिटं नीट बोलता येत नव्हतं" असं.

ढोबळमानाने फरक असा. टेम्पोरल लोबच्या फिट्समध्ये सुरुवातीला पोटातून वर येणारी भावना, अचानक भीती, आधी इथे येऊन गेलोय असं वाटणं, कधी विचित्र वास, आणि मग एकदोन मिनिटं टक लावून बघणं, तोंड चघळल्यासारखं करणं, हाताचे चाळे. मायग्रेनचा ऑरा, म्हणजे डोकं दुखायच्या आधीची लक्षणं, हळूहळू चढतो, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो, डोळ्यापुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं, उलटी होते, उजेड नको होतो. फंक्शनल झटक्यांमध्ये बऱ्याचदा डोळे घट्ट मिटलेले असतात, झटका लांबतो, मध्येच कमी होतो परत वाढतो. पण प्लीज यावरून घरी निदान करू नका, कारण खरी फिटसुद्धा काही वेळा फारच विचित्र दिसते, विशेषतः झोपेत येणारी आणि फ्रंटल लोबमधून (कपाळामागच्या मेंदूच्या भागातून) येणारी.

फंक्शनल झटके म्हणजे नाटक नाही, हे घरच्यांना बसवून सांगा. ते मुद्दाम केलेले नसतात. फक्त त्या वेळी मेंदूत फिटची विजेची लाट नसते, म्हणून फिटच्या गोळीने जात नाहीत आणि ऑपरेशनने तर नाहीच नाही. त्याचा उपचार वेगळा, मुख्यतः सायकोथेरपी. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, मला आहेत.

वहीचा दुसरा भाग गोळ्यांचा. कारण बरेच त्रास आजाराचे नसून औषधांचे निघतात! व्हॅल्प्रोएटने हात थरथरतात, वजन वाढतं, केस गळतात. लेव्हेटिरासिटामने चिडचिड, इतकी की घरचे म्हणतात हिचा स्वभावच बदलला. टोपिरामेटने तोंडावरचा शब्द आठवत नाही, हातापायाला मुंग्या येतात. कार्बामाझेपिनने एकाचे दोन दिसतात, डोलल्यासारखं होतं, आणि ते किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस गळून जातो. आता टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही दोन औषधं मायग्रेनवर पण देतात, म्हणजे उद्या ऑपरेशन यशस्वी झालं आणि फिटसाठी म्हणून ती गोळी कमी केली तर इकडे मायग्रेन उसळू शकतं. हे न्यूरोसर्जनच्या डोक्यात असेलच असं नाही, ते तुम्ही विचारायचं.

मग एका पानावर आडव्या चार रकान्यांचा तक्ता करा: काय होतं, महिन्यातून किती वेळा, कशामुळे (डॉक्टरांनी सांगितलेलं), आणि ऑपरेशनने यात फरक पडणार का. चौथा रकाना रिकामा सोडा, तो पाचव्या-सहाव्या पायरीत डॉक्टरांकडून भरून घ्यायचाय. माझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा त्रास मायग्रेन होता, आणि त्याच्यापुढे शेवटी "नाही" आलं. ते कागदावर बघितल्यावर मला निर्णय घेता आला. फिट्स महिन्यातून कमी वेळा यायच्या, पण हात भाजणं, पडणं, एकटीला बाहेर न सोडणं हे सगळं फिट्समुळेच होतं.

ज्यांचे इतर आजार वेगळे आहेत त्यांनी पण हाच तक्ता करायचा. कुणाला जुना स्ट्रोक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्याकडे खूप जणांच्या एमआरआयमध्ये न्यूरोसिस्टिसरकोसिसचा, म्हणजे जंताच्या अंड्यांमुळे होणाऱ्या इन्फेक्शनचा, जुना वाळलेला ठिपका दिसतो आणि कधीकधी सोबत हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबच्या आतला, आठवणींशी संबंधित भाग) पण आकसलेला असतो. अशा वेळी फिट्स ठिपक्यातून येतात का हिप्पोकॅम्पसमधून, हे शोधण्यावरच सगळं ठरतं.

२. तुमचा नंबर सर्जरीत लागतो का

साधा नियम असा: तुमच्या प्रकारच्या फिट्ससाठी योग्य असलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नीट घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी (म्हणजे फिट्सचा आजार) म्हणतात. ही व्याख्या २०१० साली आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेने केली. साधारण एक तृतीयांश पेशंट यात मोडतात. दोनच औषधं का, तर ग्लासगोमधल्या ५२५ पेशंटचा अभ्यास २००० साली आला होता, त्यातल्या आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांत पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्याने अजून १३ टक्के, आणि तिसऱ्याने फक्त १ टक्का. त्यामुळे "अजून एक नवीन गोळी आलीये, ती सहा महिने बघू" असं पाचव्यांदा ऐकताय तर सर्जरी सेंटरला एकदा दाखवून घ्या. दाखवणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे.

इथला सापळा असा की औषध फेल गेलं असं वाटतं पण खरं तर डोसच कमी होता, किंवा गोळ्या चुकत होत्या, उपासाच्या दिवशी राहिल्या, किंवा जे थांबत नव्हते ते फंक्शनल झटके होते. म्हणून पहिली पायरी पहिली.

३. सेंटर निवडताना

एपिलेप्सी सर्जरी हे एकट्या सर्जनचं काम नाही. एपिलेप्सीत खास काम करणारा न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट, स्मरणशक्ती आणि भाषा तपासणारा न्यूरोसायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट, एवढी टीम पाहिजे आणि ते सगळे बसून तुमच्या केसवर चर्चा करतात का हे थेट विचारा. एकाच व्हिजिटमध्ये फक्त एमआरआय बघून "पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा" म्हणणाऱ्याकडून उठून या. मला एका मोठ्या चकचकीत ठिकाणी असंच सांगितलं होतं, व्हिडिओ ईईजीचं (मेंदूतल्या विजेच्या लाटा आणि फिट एकत्र टिपणारी तपासणी, पाचव्या पायरीत सांगते) नावसुद्धा न काढता.

सरकारी किंवा सरकारी मदतीच्या संस्थांमध्ये तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा (तिथे हा प्रोग्रॅम १९९५ पासून चालू आहे), बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स ही मोठी नावं, आणि आपल्याकडे मुंबईचं केईएम. मुंबई-पुण्यात खाजगीतही टीम आहेत. सरकारीत खर्च कमी पण वेटिंग लांब. बाहेरच्या राज्यात जाणार असाल तर भाषेचा प्रश्न आधी सोडवा, कारण पुढे स्मरणशक्तीच्या टेस्ट भाषेतून होतात. समजा पेशंटला फक्त मराठी येते आणि टेस्ट घेणाऱ्याला फक्त मल्याळम आणि इंग्रजी येतं, मग मार्क कमी पडले तर ते मेंदूमुळे का भाषेमुळे? अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की हिंदीत किंवा मराठीत टेस्ट घेता का.

४. फाईल तयार करा

ही यादी छापून फाईलच्या पहिल्या पानाला लावा.

- आधीचे सगळे एमआरआय, नुसता रिपोर्ट नाही, सीडी किंवा पेनड्राइव्ह. फिल्मा असतील तर त्या पण, जुन्यातली जुनी.
- ईईजीचे रिपोर्ट.
- आजपर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्या: नाव, जास्तीत जास्त किती डोसपर्यंत गेलो, किती महिने, का बंद केली. जुनी प्रिस्क्रिप्शन नसतील तर मेडिकलवाल्याकडे बिलं निघतात कधीकधी.
- वही आणि चार रकान्यांचा तक्ता.
- झटक्यांचे मोबाईल व्हिडिओ, प्रत्येक प्रकारचा निदान एक. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि फिट संपल्यावरही दोनतीन मिनिटं शूटिंग चालू ठेवायचं.
- लहानपणाची माहिती: बाळंतपणात काही अडचण, तापात आलेले झटके, डोक्याला मार, मेंदूज्वर. आई, आजी, मावशी ज्यांना आठवतं त्यांना विचारा. लहानपणी तापात बराच वेळ चाललेला झटका आणि पुढे हिप्पोकॅम्पस आकसणं यांचा संबंध असतो, म्हणून हे खोदून विचारतात.
- बायकांनी पाळीच्या तारखा. काहींच्या फिट्स पाळीच्या आसपास वाढतात.
- मायग्रेन, स्ट्रोक, मानसिक आजार, थायरॉईड, जे असेल त्याची वेगळी कागदपत्रं आणि त्या डॉक्टरांचे नंबर.
- आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, इन्शुरन्सची पॉलिसी.

मानसिक आजाराचे कागद लपवू नका. डिप्रेशनची गोळी चालू आहे हे कळलं तर ऑपरेशन नाकारतील अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं सरसकट नाकारत नाहीत, पण माहीत नसेल तर नंतर मूड ढासळतो तेव्हा कोणाचं लक्षच नसतं.

५. तपासण्या

सगळ्यात महत्त्वाची व्हिडिओ ईईजी. यात तुम्हाला ॲडमिट करून डोक्याला वायरी चिकटवतात, समोर चोवीस तास कॅमेरा, आणि फिट्स याव्यात म्हणून गोळ्या हळूहळू कमी करतात. हो, मुद्दाम. हे फक्त हॉस्पिटलमध्येच करायचं असतं, घरून गोळी बंद करून जायचं नाही. किती दिवस लागतील ते कोणीच सांगू शकत नाही, कधी दोन दिवसांत काम होतं, कधी आठवडा जातो आणि फिट येतच नाही, ज्या फिट्स घरी पाहुण्यांसमोर हमखास येतात त्या इथे रुसून बसतात.

जाण्याआधी केस शाम्पूने धुवा आणि तेल अजिबात लावू नका, वायरी चिकटत नाहीत. (माझ्या सासूबाईंनी "डोकं शांत राहील" म्हणून निघताना बदामाचं तेल थापायला घेतलं होतं.) पुढून बटणं असलेले शर्ट किंवा गाऊन न्या, डोक्यातून घालायचे कुर्ते टीशर्ट नाही चालत. चार्जर, पत्ते, उनो, सुडोकू, काहीही. सोबतचा माणूस असा पाहिजे जो झोपाळू नाही आणि फिट बघून किंचाळत नाही. फिट येताना दिसली की त्याने काय करायचं ते असं: बटण दाबायचं, पांघरूण बाजूला करायचं, कॅमेऱ्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, आणि बोलत राहायचं, नाव काय, हे काय आहे (पेन दाखवून), हात वर कर. बोलता येतंय का, कुठल्या हाताला ताठरपणा आला, यावरून डॉक्टरांना मेंदूची बाजू कळते. तोंडात चमचा, कांदा, चप्पल, हातात किल्ल्या, यातलं काही नको.

आमच्यासारख्यांसाठी एक खास गोष्ट. तुमचे जितक्या प्रकारचे झटके आहेत तितके सगळे प्रकार तिथे रेकॉर्ड झाले पाहिजेत. एक झटका आला आणि "झालं काम" म्हणून घरी पाठवत असतील तर विचारा की हा माझा कुठला प्रकार होता, घरी बहुतेक वेळा येतो तोच का? सोबतच्या माणसाने व्हिडिओ बघून सांगायचं, "हो, असाच येतो" किंवा "नाही, हा वेगळाच आहे". माझे दोन्ही प्रकार तिथे वेगळे झाले आणि तेव्हा कळलं की आम्ही ज्यांना सगळ्यात "मोठ्या फिट्स" म्हणत होतो त्याच मुळी फिट्स नव्हत्या. फंक्शनल झटके निघाले म्हणून सर्जरी आपोआप बाद होत नाही, पण आधी त्याची थेरपी सुरू करायला सांगतात आणि ते बरोबरच आहे, नाहीतर ऑपरेशननंतर झटका आला की कोणता तेच कळणार नाही. आणि त्या काळात वायरी बसवलेल्या डोक्यात मायग्रेन उठलं तर सिस्टरना सांगून चार्टवर वेळ लिहून घ्या.

एमआरआय थ्री टेस्ला (जास्त ताकदीच्या) मशीनवर आणि एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे फिट्सची जागा शोधायच्या खास पद्धतीने, करायचा असतो. गल्लीतल्या सेंटरमध्ये "ब्रेन एमआरआय" एवढंच लिहून केलेला असेल तर परत करायला सांगतील, पैसे दोनदा जातात, म्हणून आधी सर्जरी सेंटरकडून लिहून घ्या. ज्यात सगळ्यात चांगला रिझल्ट मिळतो तो प्रकार म्हणजे मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, सगळे एमटीएस म्हणतात, यात एका बाजूचा हिप्पोकॅम्पस आकसून कडक झालेला दिसतो.

न्यूरोसायकॉलॉजी टेस्टला अर्धा दिवस जातो. शब्द पाठ करा, चित्र आठवून काढा, गोष्ट परत सांगा. रात्री फिट किंवा सकाळी मायग्रेन झालं असेल तर तसं सांगून तारीख पुढे घ्या, त्या अवस्थेतले मार्क धरू नयेत. डावखुरे असाल तर आवर्जून सांगा, कारण भाषा मेंदूच्या कुठल्या बाजूला आहे ते बघावं लागतं, त्यासाठी फंक्शनल एमआरआय किंवा काही ठिकाणी वाडा टेस्ट (मेंदूची एक बाजू काही मिनिटं सुन्न करून भाषा तपासणं) करतात. शिवाय नजरेचं क्षेत्र मोजायची पेरिमेट्री आणि सायकियाट्रिस्टची भेट. एवढ्यावर जागा पक्की झाली नाही तर पेट आणि स्पेक्ट हे वेगळ्या प्रकारचे स्कॅन, आणि शेवटी कवटीला बारीक भोकं पाडून आत तारा सोडून करायची एसईईजी. ती सगळ्यांना लागत नाही.

६. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

टीमची मीटिंग झाली की तुम्हाला बोलावतात. एकटे जाऊ नका, आणि बोलणं रेकॉर्ड करू का असं विचारून घ्या, बहुतेक डॉक्टर हो म्हणतात.

"सक्सेस रेट किती?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशाचा सक्सेस? कॅनडातल्या २००१ च्या अभ्यासात टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते, वर्षभराने भान हरपणाऱ्या फिट्स पूर्ण थांबलेले लोक सर्जरीच्या गटात ५८ टक्के आणि नुसत्या औषधाच्या गटात ८ टक्के. मुलांमध्ये दिल्लीच्या एम्सचा २०१७ चा अभ्यास आहे, ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. हे ऐकून हुरळून जायच्या आधी लंडनचा ६१५ मोठ्या माणसांचा अभ्यास पण बघा, त्यात पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के लोक फिटमुक्त होते (छोटे, भान न हरपणारे झटके सोडून). म्हणजे खूप चांगलं, पण पैजेवर सांगावं असं नाही. आणि एमआरआयमध्ये काहीच दिसत नसेल तर शक्यता याहून कमी होते.

मी विचारलेले आणि विचारायलाच हवेत असे:

- माझ्या बाबतीत, माझ्या एमआरआय आणि ईईजीवरून, शक्यता किती धरता? पाच वर्षांनी?
- या टीमने अशी ऑपरेशनं किती केलीत आणि त्यांचं पुढे काय झालं?
- डावी बाजू असेल तर: शब्दांची स्मरणशक्ती किती जाऊ शकते? माणसांची, वस्तूंची नावं आठवायला त्रास होईल का? माझं काम शिकवण्याचं किंवा बोलण्याचं आहे.
- वरच्या कोपऱ्यातली नजर जाईल का? टेम्पोरल लोबच्या ऑपरेशननंतर विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातलं दिसणं कमी होणं हा माहीत असलेला परिणाम आहे, बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही पण गाडी चालवायची असेल तर महत्त्वाचं.
- पॅरालिसिस, इन्फेक्शन, मृत्यू यांचा धोका किती? (अनुभवी ठिकाणी मृत्यूचा धोका एक टक्क्याहून कमी असतो, पण तुम्हाला स्ट्रोक वगैरे होऊन गेला असेल तर तुमचा आकडा वेगळा.)
- नाहीच केलं तर? हा प्रश्न विसरू नका. चालू राहणाऱ्या फिट्सचाही धोका असतो, पडणं, बुडणं, भाजणं, आणि झोपेत फिटने अचानक मृत्यू.
- ऑपरेशन बसत नसेल तर व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन किंवा डीबीएस (मानेतल्या नसेला किंवा मेंदूच्या आत हलकी वीज देणारं मशीन बसवणं)? याने फिट्स कमी होतात, पूर्ण थांबणं क्वचित. आणि मशीन आत बसल्यावर पुढे दुसऱ्या आजारासाठी एमआरआय लागला तर करता येईल का, मल्टिपल स्क्लेरोसिसवाल्यांनी तर हे आधीच विचारा.
- व्हॅल्प्रोएट चालू आहे, ऑपरेशनआधी बदलणार का? त्याने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, काही सर्जन आधी थांबवतात. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कोण, किती दिवस थांबवणार, हार्टच्या डॉक्टरांशी कोण बोलणार?

आणि आता तो चौथा रकाना. तक्ता पुढे ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे हो, नाही, सांगता येत नाही असं लिहून घ्या. माझ्या न्यूरोलॉजिस्टनी पेन घेऊन स्वतः लिहिलं. तो कागद घरी फ्रिजवर लावला, कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं, "मग डोकेदुखी पण जाईल ना?"

७. पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का आणि ते हॉस्पिटल यादीत आहे का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा, ऑपरेशन बसलं तरी आधीच्या तपासण्यांचा खर्च त्यात धरतात का हे वेगळं विचारा, खरा खड्डा तिथे पडतो. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि तिथल्या समाजसेवकाची भेट. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज पण करता येतो, पण तो ऑपरेशनच्या आधी.

खाजगी इन्शुरन्सचा सापळा मोठा आहे. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१९ च्या नियमांत कंपनी कायमचे वगळू शकेल अशा आजारांच्या यादीत एपिलेप्सी होती. तुमच्या पॉलिसीत काय वगळलंय ते पान शोधून वाचा. तुमची वगळलेली नसेल तर आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. फॉर्म भरताना आजार लपवला तर ऐन वेळी क्लेम फेटाळतात. नोकरीतला ग्रुप इन्शुरन्स असेल तर तो आधी तपासा, त्यात आधीचे आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात.

८. घरचे, नातेवाईक आणि "लग्नाआधी उरकून टाकू"

हे मी खूप घरांत बघितलंय. मुलीचं लग्न जमवायचंय म्हणून आईवडील ऑपरेशनच्या मागे, आणि मुलाचं लग्न झालंय म्हणून सासरचे ऑपरेशनच्या विरोधात. डोकं तुमचं आहे. लग्नाची तारीख हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. (आणि हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सी हा शब्द १९९९ सालीच काढलाय, हे त्या ठरवाठरवी करणाऱ्या काकांना सांगा.) निर्णय घ्यायला वेळ मागितला तर कुठलीही चांगली टीम देते. नाही म्हटलं तरी तोंडावर दार लावत नाहीत, वर्षादोन वर्षांनी परत येणारे खूप असतात.

ऑपरेशन झालेल्या दोनतीन माणसांशी बोला, ज्यांच्या फिट्स थांबल्या अशा आणि ज्यांच्या थांबल्या नाहीत अशा पण. पुण्यात संवेदना फाउंडेशनचा एपिलेप्सी सपोर्ट ग्रुप आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते पेशंटची परवानगी घेऊन नंबर देतात.

९. ऑपरेशन आणि त्यानंतर

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तुम्ही झोपलेले असता. पूर्ण टक्कल बऱ्याच ठिकाणी करत नाहीत, फक्त टाक्याच्या रेषेपुरते केस काढतात, हवं तर आधी विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मायग्रेन आणि फंक्शनल झटके दोन्ही सांगून ठेवा. भुलीतून उठताना फंक्शनल झटका आला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला माहीतच नसेल तर तो फिट समजून एकावर एक इंजेक्शनं देत सुटेल, म्हणून केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि सोबतच्या माणसाच्या मोबाईलमध्ये दोन्ही प्रकारचे व्हिडिओ ठेवा.

नंतर ज्याबद्दल आधी कोणी सांगत नाही ते म्हणजे जबडा. कानाच्या वरचा चावायचा स्नायू कापून परत शिवतात, त्यामुळे काही आठवडे तोंड नीट उघडत नाही. भाकरी विसरा, मऊ भात, खिचडी, शिरा. डोळ्याभोवती सूज येऊन निळंकाळं होतं, ते उतरतं. थकवा महिनोन् महिने. डोकेदुखी होतेच, आणि मायग्रेनवाल्यांना ही टाक्यांची का मायग्रेनची ते कळत नाही. मी वहीत वेगळ्या रंगाने लिहायचे. ताप, मान आखडणं, टाक्यातून पाणी येणं, नाकातून स्वच्छ पाणी गळणं, अचानक वाढणारी डोकेदुखी किंवा गुंगी, यातलं काही झालं तर मायग्रेन समजून गोळी घेऊन झोपू नका, थेट हॉस्पिटल. आणि दुखतं म्हणून रोज पेनकिलर खाल्ली तर पेनकिलरमुळेच होणारी डोकेदुखी मागे लागते, ते आम्हा मायग्रेनवाल्यांना नवीन नाही.

पहिल्या आठवड्यात फिट आली म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं असं लगेच समजू नका. मेंदूला सूज असते, पुढचं चित्र वेगळं असू शकतं. गोळ्या लगेच बंद होत नाहीत, साधारण वर्षदोन वर्षं तरी चालतात आणि मग डॉक्टर एकेक कमी करतात, काहींना कायम एखादी लागते. ज्यांच्या गोळीने मायग्रेनही धरून ठेवलंय त्यांनी कमी करायच्या आधी मायग्रेनच्या डॉक्टरांची भेट ठरवा.

मूडचं सांगते. पहिल्या तीनसहा महिन्यांत उदास वाटणं, रडू येणं, उगाच घाबरणं हे बऱ्याच जणांना होतं, फिट्स थांबलेल्यांनासुद्धा. माझ्या फिट्स थांबल्या आणि घरचे म्हणायला लागले, आता काय, आता नोकरी बघ, गाडी शिक, कार्यक्रमाला ये. मी आयुष्यभर जे "फिट्समुळे जमत नाही" म्हणत होते ते सगळं एकदम दारात येऊन उभं राहिलं, आणि मायग्रेन तर चालूच होतं, फक्त त्याला आता घरात कोणी आजार मानत नव्हतं. याच काळात फंक्शनल झटके परत डोकं वर काढू शकतात, ज्यांना आधी नव्हते त्यांनाही नव्याने येऊ शकतात. म्हणून सायकोथेरपीची पुढची अपॉइंटमेंट डिस्चार्जच्या आधीच घेऊन ठेवा. मरावंसं वाटणं, कानात आवाज येणं, कोणीतरी मागे लागलंय असं वाटणं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

गाडीचं: लायसन्सच्या फॉर्म एकमध्ये एपिलेप्सी आहे का असं सरळ विचारलेलं असतं, तिथे खोटं लिहू नका. फिट्स थांबल्या म्हणून चावी हातात घ्यायची नाही, डॉक्टर आणि पेरिमेट्रीचा रिपोर्ट दोन्ही बघून ठरवा.

घरी आल्यावर पाकिटात एक कार्ड ठेवा, मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर पण टाका: ऑपरेशन कुठल्या बाजूचं आणि कुठल्या महिन्यात झालं, चालू गोळ्या, दोन प्रकारचे झटके आहेत ही एक ओळ, पाच मिनिटांपेक्षा जास्त फिट चालली तर नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे कुठे ठेवलाय (तुम्हाला लिहून दिला असेल तर), आणि न्यूरोलॉजिस्टचा नंबर. वही चालू ठेवा. पहिला एमआरआय आणि न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट परत कधी करायची ते डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय का बघा, नसेल तर वॉर्ड सोडायच्या आधी लिहून घ्या.